येरनारची आठवी पोळी

रेडिओतल्या माणसासाठी रडू नये, असं आमचे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे माझा नवरा. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्यांनी जन्मभर पोरांना भूगोल शिकवला, म्हणून मास्तर. "रडायचंच असेल तर माझ्या गुडघ्यांसाठी रड," म्हणतात, "ते निदान खरे आहेत."

पण मास्तरांनी ते नीट ऐकलंच कुठे होतं. दर गुरुवारी संध्याकाळच्या चहानंतर 'ताऱ्यांचा काफिला' लागायचा. सीरदर्याच्या काठी आमच्या गावात तेव्हा नव्या चार मजली इमारती झाल्या होत्या, आणि प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीला सरकारनं एक डबा लावून दिला होता. त्याला एकच बटण. इकडे फिरवलं की आवाज मोठा, तिकडे फिरवलं की बारीक. दुसरं स्टेशन नाही. दिवसभर तो डबा भाताच्या पिकाबद्दल बोलायचा, गुरुवारी मात्र तारे. तेवढा वेळ आमच्या जिन्यात पातेलं वाजायचं नाही. पुलाखाली नदीसुद्धा जरा थांबायची. मास्तर म्हणतात नदी थांबत नसते, पण ते त्या वेळी नदीवर गेलेले नव्हते, मग त्यांना काय ठाऊक.

तर एक यान निघालेलं. कुठल्याशा ग्रहाचा सूर्य विझत आलाय, तिथल्या लोकांना आणायला. यानातली बाकीची माणसं मला सगळी सारखीच वाटायची, एकजात भाषणं करणारी. पण संदेश पाठवायला एक पोरगा होता, येरनार. त्याला एक खोड होती. वाईट बातमी असली की आधी हसायचा, मग सांगायचा. आधी हं हं हं, आणि मग, "कमांडर, इंधन गळतंय."

माझा भाऊ बेइसेन असाच होता. स्टेशनवर तारमास्तराच्या हाताखाली शिकत होता. लढाईचं बोलावणं आलं त्या दिवशी दारात उभा राहिला आणि आधी हसला. तो काही बोलायच्या आतच आईच्या हातातली परात खाली पडली.

आमच्यात लांब जाणारा माणूस निघताना नानला एक चावा घेतो आणि उरलेला नान घरचे भिंतीला टांगून ठेवतात. उरलेला खायला त्याला यावंच लागतं. बेइसेननं चावा घेतला आणि गेला. लढाई संपली. कुणाचे भाऊ आले, कुणाचे मेल्याचे काळे कागद आले. बेइसेनबद्दल कळवलं ते एवढंच, की बेपत्ता. आई म्हणाली, "बेपत्ता म्हणजे पत्ता त्यांना सापडला नाही. त्याला घराचा पत्ता पाठ आहे." मरताना मला बजावून गेली, "शुक्रवारी मेलेल्यांची नावं घेशील तेव्हा ह्याचं घेऊ नको. घेतलंस की दार लावलंस."

मग तो नान माझ्याकडे आला. फडक्याच्या पिशवीत, स्वयंपाकघरात, रेडिओच्या डब्याशेजारच्या खिळ्याला. नानचा दगड झाला होता. मास्तरांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. भिंत रंगवायची झाली की पिशवीला हात न लावता खिळ्याभोवतीनं रंगवायचे.

आता त्या गुरुवारचं सांगते. यानाच्या मागच्या भागाला आग लागली. तो भाग तोडून सोडायचा, आणि तोडायची कळ आत बसूनच ओढायची. म्हणजे एकानं आत राहायचं. कमांडरनं भाषण सुरू केलं. मध्येच येरनार हसला. मग म्हणाला, "कमांडर, मी दार आतून लावलंय." मग नुसती खरखर. आणि मग भाताचं पीक.

मी रडले. सीरदर्याला त्या साली पाणी कमी होतं, ते दुसऱ्या दिवशी वाढलं, एवढंच सांगते.

"अगं म्हातारे," मास्तर म्हणाले, "तो आत्ता अल्मा-अताच्या स्टुडिओत बसून चहा पितोय. बिस्कीट बुडवून."

"त्याच्या आईला कोण कळवणार?"

"त्याला आई नाही. त्याला लेखक आहे."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी आमच्याकडे मेलेल्यांसाठी सात पोळ्या तळतात, शेलपेक म्हणतात त्यांना. तेलाचा वास वर जातो तो त्यांचा वाटा, पोळ्या शेजाऱ्यांचा. सातच तळायच्या. माझे आजे-पणजे, आई-बाबा, सगळे त्या सातांत मावतात. त्या दिवशी पीठ जरासं उरलं. म्हटलं, एक येरनारला. लेखक काही त्याला पोळी तळणार नाही. एवढंच केलं मी, सांगते ना. एक पोळी जास्त. पुढचं सगळं लोकांनी केलं.

समोरच्या दारात राबिगा राहते. तिचं नाक असं, की ताश्कंदला कुणी कांदा चिरला तर इथे हिच्या डोळ्यांना पाणी. आपला वाटा घ्यायला आली, ताटलीत बघितलं, आठ. आठ कुणी तळत नाही. माझ्याकडे बघितलं, डोळे सुजलेले. तिनं एकदम माझ्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला, "अगं माझ्या बाई, तुझा पहाड कोसळला गं, तुझी सावली हरवली गं..."

आमच्यात हीच रीत. दुःखाच्या घरी शिरलं की आधी गळ्यात पडायचं, आधी रडायचं, विचारायचं नंतर. आधी विचारणं म्हणजे उद्धटपणा. मी म्हणणार होते, राबिगा, थांब. पण सूर लावलेल्या बाईला तुम्ही कधी मध्येच थांबवून बघितलंय? चालत्या आगगाडीला कोपर लावून बघा, तसंच. शिवाय मला रडायचंच होतं. सोबत मिळाली.

मन भरून रडून झालं तेव्हा तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "कोण गं?"

"येरनार."

"नात्यातला?"

"लांबचा." यात खोटं काय होतं? त्याच्याइतका लांबचा माणूस साऱ्या कझाकस्तानात कुणाचा नसेल.

"काय झालं?"

"यानात होता. दार आतून लावून घेतलं."

राबिगानं तोंडावर हात ठेवला. आमच्या गावाहून थोडं पुढे माळावर तो तळ आहे, ज्याचं नाव घ्यायचं नसतं. पहाटे दूध आणायला गेलं की कधी क्षितिजावर एक ज्योत वर चढताना दिसते. सगळ्यांना दिसते, कुणीच बघत नाही. राबिगानं काही विचारलं नाही. ती फक्त खाली गेली आणि तिनं कुणालाही काही सांगितलं नाही, प्रत्येकाला वेगवेगळं गाठून.

दुपारपर्यंत जिना भरला. एकीनं साखर आणली, एकीनं चहा. राबिगाच्या दिरानं अख्खी मेंढी आणून अंगणात बांधली. रविवारी दुआ आणि जेवण ठरलं, मला न विचारता. अंगणात मोठी कढई चढवायची तर इमारत-समितीची परवानगी हवी, म्हणून समितीच्या अध्यक्ष क्लावदिया पेत्रोव्ना तळमजल्यावरून वर आल्या, एका हातात बटाट्याच्या कचोऱ्या आणि दुसऱ्या हातात शिक्का.

"मयत ह्या इमारतीत राहायला होते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कुठे?"

मी छताकडे बघितलं. क्लावदिया पेत्रोव्नांनी डोळे टिपले आणि चौथ्या मजल्यावर असं लिहून शिक्का मारला.

मास्तर बाजारातून आले तेव्हा दाराशी पुरुष रांगेनं उभे. एकेकानं त्यांचे दोन्ही हात धरले, "धीर धरा मास्तर." मास्तर फार सभ्य. मान खाली घालून सगळ्यांकडून सांत्वन घेतलं. मग स्वयंपाकघरात आले, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "अगं, कोण गेलं आपल्यातलं?"

"येरनार."

"कोण येरनार?"

मी डब्याकडे बोट केलं.

मास्तर स्टुलावर बसले.  "मी बाहेर अकरा माणसांना म्हणून आलो," ते म्हणाले, "की मुलगा फार गुणी होता."

"गुणी होताच तो."

"मी भूगोलाचा शिक्षक आहे, दामेत्केन. सगळं गाव मला ओळखतं. आता बाहेर जाऊन मी काय सांगू?"

काय सांगणार. राबिगाचा गळा बसला होता, आणि मेंढी अंगणात आमच्या नावानं ओरडत होती.

शनिवारी करड्या कोटातला माणूस आला. अशी माणसं दार वाजवतात तेव्हा आवाजावरूनच कळतं. कुठल्या कचेरीतून आला ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मास्तरांचा चेहरा दुधासारखा झाला. मी वाटीत चहा ओतला. आमच्यात कचेरीतला असला तरी पाहुणा.

"अपा," तो म्हणाला, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, "कानावर आलंय की यानात एक माणूस गेला. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रेडिओनं."

त्याची वाटी हातातच राहिली. "कुठला रेडिओ? बाहेरचा?"

मी डबा दाखवला. त्यानं उठून बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. भाताचं पीक मोठं झालं, बारीक झालं. मग मी त्याला पहिल्या भागापासून सांगायला बसले. मधे थोडं माझ्या पदरचं घातलं, एक ड्रॅगन वगैरे.

"ड्रॅगन नव्हता," तो म्हणाला.

"तुम्ही ऐकता?"

त्यानं दाराकडे बघितलं. "गुरुवारी माझी पाळी होती. तो भाग राहिला माझा." मग खाली बघत म्हणाला, "येरनार गेला का?"

"दार आतून लावून घेतलं."

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा नाक लाल होतं, आवाज मात्र कचेरीचा. "अपा, यानात मेलेला माणूस ह्या गावात असू शकत नाही. असा माणूस नसतोच. रविवारी दुआ करायची तर खऱ्या माणसाची करा. नाहीतर कढई उतरवा. मी येणार आहे बघायला." आणि जाताना दोन पोळ्या खिशात घालून गेला.

मग मास्तरांनी आणि मी ठरवलं. नाव विचारलं की मास्तरांनी आपल्या पणजोबांचं नाव सांगायचं. ते खरे होते, मेलेही होते, आणि लोकांना येरनारबद्दल नंतर कधीतरी हळूहळू सांगता आलं असतं.

रविवारी ओल्झाबाय अता आले. आमच्या भागात दुआ म्हणणारे ते एकटेच म्हातारे, कागदोपत्री पंप-दुरुस्तीवाले. बाहेरच्या खोलीत पुरुष मांडी घालून बसले, आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दाराशी दाटीवाटीनं. अंगणातून मटणाचा वास येत होता. करडा कोट चपला काढायच्या जागी उभा होता. अतांनी हात पसरले.

"कोणाच्या नावानं?" त्यांनी विचारलं. "नाव सांगा, बापाचं नाव सांगा."

मास्तरांनी घसा साफ केला.

मी पिशवीकडे बघत होते. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती, राबिगाचा खांदा मधे होता. आणि मला वाटलं, जो पोरगा कधी जन्मलाच नाही त्याच्यासाठी सगळी इमारत रडली. त्याला मेंढी मिळाली, साखर मिळाली, सरकारी शिक्का मिळाला. आणि माझ्या हसऱ्या भावाला इतक्या वर्षांत तेलाचा वाससुद्धा नाही. उपाशी बसला असेल कुठेतरी, आईनं सांगितलंय म्हणून.

"बेइसेन," मी म्हटलं. "तुर्सिनचा मुलगा."

मास्तरांनी मान खाली घातली.  बेइसेनला ओळखणारे तिथे दोघं-तिघंच होते, पण पिशवी सगळ्यांनी बघितलेली होती. तशा पिशव्या त्यांच्याही घरी होत्या.

राबिगाच्या बसलेल्या गळ्यातून कसातरी आवाज निघाला. "अता, एक माझंही घ्या. झाक्सिबेक, ओराझचा मुलगा. माझे बाबा."

मग कोपऱ्यातून कुणीतरी भावाचं नाव सांगितलं. मग कुणी काकाचं. कागद आलेला नाही, माती दिलेली नाही, असे सगळे. क्लावदिया पेत्रोव्ना दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "आमचा वासिली," त्या म्हणाल्या, "तुमच्या दुआत चालेल का? तो तुमच्यातला नव्हता."

"बापाचं नाव काय?" अतांनी विचारलं.

"स्तेपान."

"स्तेपानचा मुलगा वासिली," अता म्हणाले. "पुढचं वरचा बघून घेईल."

चपलांच्या जागेवरूनही एक नाव आलं, अगदी हळू. कचेरीचा आवाज नव्हता तो. मी कुणाला सांगणार नाही ते.

दुआ बरीच लांबली. मटण गार झालं आणि कुणी तक्रार केली नाही. येरनारबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही, मी सुटले असं मला वाटलं. जाताना अतांनी पिशवीकडे बघितलं. "आता तो नान खाली काढ, पोरी. पाखरांना घाल."

"शुक्रवारी काढते," मी म्हटलं.

पण आधी गुरुवार आला. दुःखाच्या घरात बाईला एकटं ठेवायचं नाही, म्हणून राबिगा आणि क्लावदिया पेत्रोव्ना संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मला डबा बंद ठेवायचा होता. मास्तरांनीच बटण फिरवलं. येरनार गेल्यावर काफिल्याचं काय झालं ते त्यांना ऐकायचं होतं, कबूल करत नव्हते एवढंच.

यानात सगळे गप्प गप्प होते. कमांडरनं भाषणसुद्धा केलं नाही. आणि एकदम खरखरीतून कुणीतरी हसलं.

"कमांडर," येरनार म्हणाला, "जागा आहे का परत? चहा मिळेल का?"

म्हणे तुटलेला भाग फिरत फिरत त्यांच्याच वाटेवर आला. शेवटी निवेदकानं सांगितलं, श्रोत्यांनी देशभरातून एवढी पत्रं पाठवली, एवढी पत्रं पाठवली, की येरनारला परत आणावंच लागलं.

राबिगानं वाटी खाली ठेवली. "येरनार," ती म्हणाली. "यान. दार आतून लावून घेतलं." मग माझ्याकडे वळली. "दामेत्केन, माझा गळा अजून बसलेला आहे."

"हो."

"मेंढी गेली माझ्या दिराची."

"हो."

"ह्याच्यासाठी?"

"सुरुवातीला," मी म्हटलं.

मला वाटलं आता ती उठून जाईल आणि ह्या जन्मात माझ्या हातचा चहा घेणार नाही. ती डब्याकडे बघत होती. आत सगळे हसत होते, येरनारच्या पाठीवर थापा मारत होते.

"पत्रं पाठवली म्हणून आणला परत?" क्लावदिया पेत्रोव्नांनी मास्तरांना विचारलं.

"पोत्यानं आली असतील," मास्तर म्हणाले.

"आम्हीपण पाठवली असती," राबिगा म्हणाली. "माझी आई रोज एक लिहायची. कुठे पाठवायचं तेच कुणी सांगितलं नाही."

डब्यातलं हसणं संपलं आणि भाताचं पीक सुरू झालं. कुणी बंद केलं नाही. त्या वर्षी पीक फार चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या तळल्या. सात. नावं घेताना आई-बाबांच्या मागून बेइसेनचं घेतलं. जीभ जरा अडखळली, मग गेली पुढे. नंतर स्टुलावर चढून पिशवी काढली. नान एवढा कडक, की मास्तरांनी शाळेतली दगड फोडायची हातोडी आणली. सज्जात बसून आम्ही फोडला. चिमण्या आल्या. आधी लांबून बघत होत्या, मग जवळ आल्या. अशा तुटून पडल्या, की लढाईपासून त्याही थांबल्या होत्या म्हणावं. मास्तर म्हणतात चिमणी एवढी वर्षं जगत नाही.

शेवटी चावा घेतलेला कडेचा तुकडा उरला. त्यावर दातांची खूण होती. पुढचा एक दात जरा तिरका होता त्याचा, तेसुद्धा दिसत होतं. मास्तरांनी हातोडी उचलली आणि माझ्याकडे बघून खाली ठेवली.

मी तो तुकडा परत पिशवीत घातला आणि खिळ्याला अडकवला.

"त्याचं नाव घेतलंस ना तू?" मास्तरांनी विचारलं. "पोळी तळलीस ना?"

"तळली."

"मग हा?"

"राहू दे," मी म्हटलं. "पोळी तर येरनारचीही तळली होती."

 उन्हाळ्यात मास्तरांनी स्वयंपाकघर रंगवायला काढलं. सगळी भिंत हिरवी केली, आणि खिळ्यापाशी आले तेव्हा बारीक ब्रश घेतला.